दांडीवरचा पांढरा रंग

“पण थिनर का नको, ते तरी सांगा!” धैर्यशीलने तिसऱ्यांदा विचारलं.

गैबीचाचांनी नुसता चष्मा सावरला. ते सायकलीभोवती फिरून डाग पाहत होते.

जतच्या बसस्टँडमागे चाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षांत त्यांनी कामात कधी घाई केली नव्हती, आणि दुसऱ्याची घाई मनावरही घेतली नव्हती. धैर्यशील उगारे मोठा इंजिनिअर. बिचाऱ्याला सगळंच आधीपासून ठाऊक असायचं.

सायकल जुनी, चोवीस इंची, काळीभोर. दांड्यांवर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा. त्या रेघांवर पांढऱ्या ऑइलपेंटचे डाग वाळून टणक झाले होते; घर रंगवताना रंग सांडला, असं धैर्यशीलने आल्या आल्या सांगितलं होतं. एका डागाशेजारी लांब ओरखडा होता.

“ब्लेड कुणी चालवलं?”

“मीच. जरासं करून पाहिलं.”

“जरासं…”

धैर्यशील ओशाळला. पण फार नाही.

“थिनर लावलं तर वरचा रंग जातोय, आन् त्याच्यासंगं ह्या रेघा बी जात्यात,” चाचा म्हणाले. “मग काय करणार सायब?”

“रेघा राहिल्याच पाहिजेत. परवा खंडेनवमी आहे. दादा, म्हणजे माझे वडील, दर खंडेनवमीला या सायकलची पूजा करायचे. त्याच्या आत ती त्यांना नेऊन द्यायचीय. कधी डाग पडला होता हे त्यांना कळतासुद्धा कामा नये.”

“वडील कुठं असत्यात?”

“ताईकडे, मंगळवेढ्याला. पाच वर्षं झाली.”

चाचा कामाला लागले. त्यांनी स्टोव्हवर वाटीभर खोबरेल कोमट केलं, जुन्या धोतराची फडकी त्यात बुडवली आणि आधी लहान डागांवर गुंडाळली. मग ते स्टुलावर बसले.

“आता?”

“आता बसायचं.”

“बसून काय होणार?”

“रंग मऊ हुतोय.”

धैर्यशील बसला नाही. दोन चहा उभ्यानेच प्याला, चारदा घड्याळ पाहिलं, तीनदा फडकं उचलून पाहिलं. तिन्ही वेळा चाचांनी ते पुन्हा जागेवर ठेवलं.

तासाभराने त्यांनी स्वतःच एक फडकं सोडलं.

“काढा आता.”

“एखादी पत्र्याची पट्टी द्या.”

“नख हाय की.”

“नखाने? एवढा टणक रंग?”

“कुठं थांबायचं ते पट्टीला कळत न्हाई. नखाला कळतंय.”

धैर्यशीलने अविश्वासानेच अंगठ्याचं नख डागाच्या कडेला लावलं. जरा जोर दिला. कड उचलली गेली, आणि पापुद्रा अख्खा सुटून हातात आला. खाली सोनेरी रेघ जशीच्या तशी होती. एवढा मोठा माणूस, पण त्याला मनापासून आनंद झाला. तो चक्क खाली मांडी घालून बसला आणि पुढच्या डागाला लागला.

चाचा शेजारी उकिडवे बसून बघत होते.

“घर रंगवताना सांडला म्हणालात न्हवं?”

“हो. गेट रंगवत होतो.”

“सांडलेला रंग वरनं पडतोय. दांडीच्या माथ्यावर बसतोय. ह्यो समदा एका कुशीला हाय…”

नख थांबलं.

धैर्यशीलने नखातला पांढरा रंग झटकला.

“डबा फेकला होता मी,” तो म्हणाला. “नवीन घर बांधलं, नवीन गाडी घेतली. दादा म्हणाले, गाडीशेजारी माझी सायकल राहील. मी म्हणालो, हे भंगार माझ्या दारात नको. त्यांनी हट्ट सोडला नाही, आणि माझ्या हातात डबा होता…”

“मग?”

“म्हणाले, हिला जागा नाही तर मलाही नाही. आणि गेले. स्टँडपर्यंत चालत गेले, चाचा. सायकलसुद्धा नेली नाही.”

चाचांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

“माफी मागितलीस?”

“सायकल साफ करून नेतोय ना!”

चाचांनी पुढच्या डागावरचं फडकं सोडलं.

ऊन कलेपर्यंत धैर्यशील एकेक डाग काढत राहिला. शेवटी एकच उरला. हँडलजवळचा, तळहाताएवढा, सगळ्यांत मोठा. त्याने तेलाच्या वाटीला हात घातला, तोच चाचांनी त्या डागावर आपला हात ठेवला.

“ह्यो ऱ्हाऊ दे.”

“राहू दे? अहो, तोच तर पहिला नजरेत भरेल! दादा विचारतील.”

“विचारतील.”

“मग मी काय सांगू?…”

चाचांनी कोमट तेलात एक नवं फडकं भिजवलं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली, आणि पिशवी हँडलला अडकवली.

“ह्यो तिथं जाऊन काढ, लेका. मऊ व्हायला तासभर लागंल. तवर दोघं शेजारी बसा.”