पातेल्यातले सात मासे

खूप खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा नवी असलेली भांडी आज कुणीतरी जुनी म्हणून मिरवत असेल.

एका राज्यात एक सरदार राहत होता. माणूस दिलदार, पण पायाला भिंगरी. त्याला नाद जुन्या भांड्यांचा. अमक्या गावी मोराच्या झाकणाचा पानाचा डबा आहे असं कानावर आलं, की हातातला घास ताटात टाकून स्वारी घोड्यावर. डबा घरी आणायचा, दोन दिवस निरखायचा आणि तिसऱ्या दिवशी जिवाची उलघाल पुन्हा सुरू. आता तमक्या गावची हत्तीची समई! घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती, तरी ह्याला चैन म्हणून पडत नव्हतं.

बायको म्हणायची, "अहो, पुरे झालं आता."

"एवढं एक मिळू दे," सरदार म्हणायचा. नाद लागलेल्या माणसाचं 'एवढं एक' कधी संपलंय का?

एकदा दूरच्या एका तांबटाकडे त्याला पितळेचं मोठं पातेलं मिळालं. त्याच्या तळाला आतून सात मासे कोरलेले होते. पाणी घालून हलवलं, की ते पोहू लागल्यासारखे वाटत. ते पाहून सरदाराच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

दसऱ्याच्या आधी गावात कल्हईवाला आला. त्याने भाता लावला आणि घरोघरची भांडी आतून पांढरी लख्ख करून दिली. सरदारीणबाईंनी माशांचं पातेलंही बाहेर काढलं. तोच सरदार धावत आला आणि त्याने ते हिसकावून घेतलं.

"कथील लावून माझे मासे बुजवता काय?"

म्हातारा कल्हईवाला म्हणाला, "सरकार, मासे खुशाल बघा. पण बिनकल्हईच्या पितळेत आंबट ठेवू नका. ते कळकतं. विष होतं त्याचं."

"तू आपला भाता मार. मला शिकवू नकोस!"

आणि मग बातमी आली, की सरदाराचा संग्रह बघायला खुद्द राजा येणार आहे. झालं! सरदाराची झोप उडाली. राजाला काय दाखवावं? मोर, हत्ती तर सगळ्यांकडेच असतात. विचार करता करता त्याला एक युक्ती सुचली. माशांच्या पातेल्यात चिंचेचं सार ठेवायचं. वाढता वाढता सार खाली जाईल, तसे मासे वर येतील आणि राजा घास विसरून बघत राहील!

बायकोला कळलं तर ती मोडता घालणार. म्हणून राजा यायच्या दिवशी सकाळीच त्याने स्वतःच्या हाताने सार पातेल्यात ओतलं. थोड्या वेळाने काय बिघडतंय, असं त्याने मनाशी म्हटलं. पातेलं त्याने आधी राजाच्या पाटाच्या उजवीकडे ठेवलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. मग तो वेशीकडे धावला. राजाला उशीर होत होता. सरदार वेशीवर येरझाऱ्या घालत राहिला आणि सार पितळेत तसंच राहिलं.

त्या गावची एक रीत होती. कितीही मोठा पाहुणा असो, पहिली पंगत लहान मुलांची. दुपार झाली, मुलं भुकेली झाली, पानं मांडली गेली. सरदाराची सात वर्षांची लेक छबी सगळ्यांच्या पुढे बसली. वाढप्यांनी समोर दिसलं त्या पातेल्यात ओगराळं बुडवलं.

सार खाली गेलं आणि एक शेपटी दिसली. मुलांनी एकच गलका केला. "मासा! मासा! मला अजून सार वाढा!" सातही मासे दिसावेत म्हणून मुलं वाटीमागून वाटी पीत राहिली. चव जरा वेगळी लागली, पण माशांपुढे चवीचं कोणाला काय? सगळ्यांत जास्त प्यायली छबी.

राजाला घेऊन सरदार अंगणात आला, तेव्हा पंगतीत रडारड चालली होती. मुलं पोट धरून ओकत होती. बायका धावत होत्या. सरदारीणबाईंच्या मांडीवर छबी मान टाकून पडली होती.

"सार कशात होतं?" बाईंनी किंचाळून विचारलं.

सरदाराने माशांच्या पातेल्याकडे बोट दाखवलं.

राजाबरोबर वैद्य होता, म्हणून मुलं वाचली. राजाने संग्रहाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "ज्याच्या घरी लेकरांना जेवू घालायची भीती वाटावी, त्याच्या घरी बघण्यासारखं काय असणार?" एवढं बोलून तो आल्या पावली परत गेला. त्यानंतर गावातल्या एकाही आईने आपलं मूल सरदाराच्या पंगतीला धाडलं नाही.

तिसऱ्या दिवशी छबीने डोळे उघडले. सरदाराने पाण्याचा पेला तिच्या ओठांशी नेला. तिला तहान लागली होती, पण तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि मान आईकडे वळवली.

"आई, आबांनी दिलेलं पाणी पिऊ ना गं?"

सरदाराने पेला बायकोच्या हातात दिला.

बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ते मोल घरच्यांच्या जिवाने मोजायची वेळ कुणी आणू नये.