जोडीतला एक गोठ

डोंगराच्या पायथ्याशी एक लहानशी पेठ होती आणि त्या पेठेत एका म्हाताऱ्या घरमालकाचं दुमजली घर होतं. बायको कधीच देवाघरी गेलेली, मूलबाळ झालंच नाही. माडीवर तो एकटा राहायचा आणि खालच्या दोन खोल्या ओसरीसकट भाड्यानं द्यायचा.

एके वर्षी तिथे एक कासार आणि त्याची बायको येसू बिऱ्हाडाला आले. संसार नवा, धंदाही नवा. अनामत ठेवायला गाठीला पैसा नव्हता. येसूनं मनगटातले चांदीचे दोन्ही गोठ उतरवले आणि म्हाताऱ्याच्या हातावर ठेवले.

"आईची आठवण आहे," ती म्हणाली. "घर सोडताना तेवढे परत द्या, म्हणजे झालं."

"घर आहे तसं परत मिळालं, की गोठही आहेत तसे मिळतील," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं ते पेटीत ठेवून दिले.

बघता बघता ओसरीवर बायकांची रीघ लागली. कुणाला लग्नाचा चुडा हवा, कुणाला डोहाळजेवणासाठी हिरव्या बांगड्या. "अगं हळू, हात मोडशील माझा!" म्हणून एखादी ओरडायची आणि बाकीच्या खो खो हसायच्या. म्हातारा आधी कुरकुरला. मग हळूहळू दुपारची झोप सोडून जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसायला लागला. कुणाची सासू कशी, कुणाची गाय कधी व्याली, सगळं त्याला तिथे बसल्या बसल्या कळायचं.

येसू त्याला आबा म्हणे. तव्यावरची पहिली भाकरी त्याच्यासाठी माडीवर जायची. एकदा तो तापानं फणफणला, तेव्हा तिनं रात्रंदिवस त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. तिच्या मायेनं म्हातारा सुखावला, पण तोंडानं त्यानं ते कधी सांगितलं नाही. तसं बोलायची त्याला सवयच राहिली नव्हती.

अशी काही वर्षं गेली. एके सकाळी कासार माडीवर आला.

"आबा, सासऱ्यांनी अंथरूण धरलंय. त्यांना दुसरं कुणी नाही. आम्ही आता घाटापलीकडे, येसूच्या माहेरीच दुकान थाटावं म्हणतो. अमावास्या झाली की निघू."

जाऊ नका, असं म्हाताऱ्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "बरं. जायच्या आधी घर दाखवा."

निघायच्या दिवशी दारात बैलगाडी भरून उभी होती. म्हातारा खाली उतरला आणि एकेक खोली बघत फिरला. बांगड्यांच्या माळा टांगायच्या खुंट्या काढल्या होत्या, तिथे भिंतीला भोकं पडली होती. चुलीमागची भिंत काळवंडली होती. ट्रंक ओढताना उंबऱ्याचा एक टवका उडाला होता.

"चूल म्हटली की धूर आलाच, आबा," येसू म्हणाली. "जमीन सारवलीय मी. भोकं तेवढी बुजवायची राहिली, वेळच पुरला नाही."

म्हाताऱ्याला हे सगळं दिसत होतं. पण त्याच्या मनात वेगळंच चाललं होतं. आपण अडवलं तर ही हुज्जत घालेल. हुज्जत घालायला तासभर थांबेल. आणि आठ दिवसांनी पुन्हा येईल. भांडायला का होईना, येईल.

"एक गोठ देतो," तो म्हणाला. "एक नुकसानीपोटी ठेवून घेतो."

कासार चिडला. "टवका उडाला म्हणून चांदीचा गोठ? पायलीभर जोंधळ्यात सुतार उंबरा नीट करून देईल!"

"जे ठरलं ते ठरलं."

येसूनं म्हाताऱ्याकडे पाहिलं, पण हुज्जत घातली नाही. त्यानं पुढे केलेला गोठ तिनं कनवटीला लावला. "राहू द्या हो," ती नवऱ्याला म्हणाली. मग म्हाताऱ्याकडे वळून म्हणाली, "ठेवा तुम्ही, मालक."

मालक! इतक्या वर्षांत ती त्याला एकदाही मालक म्हणाली नव्हती. तो काही बोलायच्या आत गाडी हलली.

म्हाताऱ्यानं भोकं बुजवली, भिंतींना चुना दिला, उंबरा बसवून घेतला. घाटाकडून गाडी आली की तो खिडकीत जाऊन उभा राहायचा. येसू काही आली नाही. नवं बिऱ्हाडही आलं नाही. कुणी घर शोधत पेठेत आलं, की बायका सांगायच्या, "तिथे नका जाऊ. कासारणीचा गोठ दाबला त्यानं." वाण्याच्या दुकानात त्याला पाहून बोलणं थांबायचं. दुपारी तो सवयीनं जिन्याच्या पायरीवर येऊन बसायचा. खाली ओसरीवर पडलेलं ऊन हळूहळू सरकत जायचं.

थंडीत त्याला पुन्हा ताप आला. घागरीतलं पाणी संपलं, तरी विचारायला कुणी नव्हतं. भिंतीला धरून धरून तो स्वतःच आडापर्यंत गेला. त्यातून उठल्यावर त्यानं पेटी उघडली, गोठ फडक्यात बांधला आणि काठी टेकत घाट चढायला लागला.

येसूचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात बसून ती टोपलीत बांगड्या रचत होती. त्याला पाहून ती उठली, पाणी दिलं, गूळ दिला.

"दुकान कुठेय?" त्यानं विचारलं.

"बाजारातल्या जागेला अनामत मागितली," ती म्हणाली. "एकटा गोठ कोण ठेवून घेणार? जोडी असती तर जागा मिळाली असती. मग तो सोनाराला विकला आणि त्यात हा माल भरला. हे आता टोपली घेऊन वाडी-वस्तीवर फिरतात."

म्हाताऱ्यानं फडकं सोडलं. "हा घे. चुकलो मी."

येसूनं गोठ पदरानं पुसला आणि बराच वेळ बोटांत फिरवत राहिली. "ह्याच्या जोडीचा सोनारानं आटवला," ती हळूच म्हणाली.

"मी नवा घडवून देतो. अगदी असाच."

"नको, आबा. तो आईच्या हातातला थोडाच होणार?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर म्हाताऱ्याला सोपं गेलं असतं.

"येसू," तो म्हणाला, "मला गोठ नको होता गं. तुम्ही जाऊ नये, एवढंच वाटत होतं."

"मग तसं म्हणायचंत ना, आबा! जाणं काही चुकलं नसतं. पण संक्रांतीला तिळगूळ घेऊन आले असते. तुम्हाला चार दिवस इकडे आणलं असतं." तिनं डोळे टिपले. "तुम्ही भिंती मोजत बसलात, आणि मला वाटलं, एवढ्या वर्षांत आपण यांचे कुणीच नव्हतो."

तिनं त्याला भाकरी वाढली. ती त्यानं कशीबशी खाल्ली, हात धुतले आणि काठी उचलली. येसू कुंपणापर्यंत आली.

"उन्हं उतरायच्या आत घाट ओलांडा," ती म्हणाली. "सांभाळून जा."

परत या असं ती म्हणेल, म्हणून म्हातारा जरा घुटमळला. तेवढ्यात आतून तिच्या वडिलांची हाक आली, आणि ती लगबगीनं घरात गेली. म्हाताऱ्यानं कुंपणाचं फाटक ओढून घेतलं. मग घाटाच्या वाटेला लागला.

तात्पर्य एवढंच: जाणाऱ्याला अडवून धरू नये, आणि त्याचं काही ठेवूनही घेऊ नये. ठेवलेली वस्तू परत देता येते, तुटलेलं येणंजाणं नाही.