अंतऱ्यातलं नाव

“पण बुवा, नाव बदललं म्हणून चीज बदलते का?”

विचारताना पंडित दिवाकर शिरोळकरांचा आवाज चढला. मिरजेतल्या त्या एवढ्याशा खोलीत तो जरा जास्तच मोठा वाटला.

केरोबुवा कागवाडे तंबोऱ्याच्या तारेखालचा दोरा सरकवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

दिवाकर त्यांचा शिष्य. ऐन उमेदीची वर्षं याच खोलीत, याच सतरंजीवर बसून शिकलेला. आता देशभर गाजलेला वाग्गेयकार, म्हणजे चिजेचे शब्दही आपले आणि चालही आपली. निदान लोक तरी तसंच समजत.

चीज बांधणाऱ्याने अंतऱ्यात आपलं टोपणनाव गुंफायचं, ही जुनी रीत. बुवांच्या अंतऱ्यात ‘धूलदास’ असायचं. दिवाकरने तिथे ‘तेजरंग’ घातलं. मात्रा तेवढ्याच, त्यामुळे लयीला कुठे ठेच लागली नाही. घर दुसऱ्याचं, पाटी आपली.

एक नाही, बुवांकडून घेतलेल्या साऱ्या चिजांचं त्याने असंच केलं होतं. आता ‘तेजरंग’ यांच्या जीवनावर आणि रचनांवर जाडजूड ग्रंथ निघायचा होता. तेवढ्यात सांगलीच्या एका म्हाताऱ्या रसिकाने भर सभेत सांगितलं, की यातली मारवा रागाची चीज आपण फार पूर्वी केरोबुवांच्या तोंडून ऐकली आहे. कुजबुज सुरू झाली.

गरज सरली तेव्हा वैद्य मेला होता. पुन्हा दुखू लागलं, तेव्हा वैद्याचं घर आठवलं.

“प्रकाशनाला या, बुवा. चार शब्द बोला. चिजा दिवाकरच्याच आहेत, म्हणा… एवढंच.”

“एवढंच होय?”

“तुमच्या नावानं त्या याच खोलीत मेल्या असत्या. धूलदास कोण, हे कुणाला ठाऊक होतं? मी गायलो म्हणून त्या जगल्या.”

“खरं आहे,” बुवा म्हणाले.

दिवाकर भांडायच्या तयारीने आला होता. ती तयारी वाया गेली.

“मारव्याची ऐकतोस?” बुवांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तंबोरा छेडला.

आवाज थकला होता, सूर मात्र जागच्या जागी होते. ‘साँझ परी, अजहूँ न आयो कोई…’ अस्थायी दोनदा फिरली. अंतरा जवळ आला तशी दिवाकरने मान खाली घातली. आता ते नाव येणार. येऊ दे, ऐकून घेऊ, असं तो मनाशी म्हणाला.

‘तेजरंग कहे, दियना न बुझइयो…’

दिवाकर दचकला.

“बुवा, हे काय? तुम्ही… तुम्हीसुद्धा?”

“गेल्या साली गणपतीपुढं गायलो. धूलदास म्हणालो. पुढं बसलेल्या एका भल्या माणसानं थांबवलं. म्हणाला, बुवा, तिथं तेजरंग आहे. वय झालं की चुकतं माणूस…”

“मग?”

“मग लोक हसले. मी दुरुस्त करून घेतलं.”

बुवा चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. दिवाकरला आधी हायसं वाटलं. संकट टळलं होतं, म्हातारा काही बोलणार नव्हता. मग आपल्याला हायसं वाटलं याचीच त्याला किळस आली.

“येतो मी प्रकाशनाला,” बुवा म्हणाले. “सांगतो, चिजा ह्याच्याच.”

दिवाकरने त्यांचे पाय धरले.

“मागा, बुवा. काय मागाल ते देतो. गुरुदक्षिणा राहिलीच आहे माझी.”

“देशील?”

“शब्द देतो.”

“मग एक चीज बांध. तुझी. आत्ता, इथं. आणि तिच्यात धूलदास घाल.”

त्यांनी तंबोरा उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

…

दिवाकरने डोळे मिटले. सूर लावला. एक ओळ सुचली, पण ओठांवर येताच कळलं, ही बुवांची. त्याने राग बदलला. दुसरी सुचली. तीही बुवांचीच. मग नुसता षड्ज लागून राहिला आणि पुढे काही येईना.

आजवर त्याने स्वतःची म्हणून एक ओळ बांधली नव्हती. हारतुरे घेता घेता आपल्याला बांधता येतं असं त्यालाच खरं वाटू लागलं होतं. एवढा नावाजलेला गवई, पण तार छेडत राहण्यापलीकडे त्याला काही करता येईना.

बुवांनी मांडीवर ठेका धरला होता. समेवर हात थांबायचा, थोडी वाट बघायचा आणि पुन्हा पुढे जायचा.

“बुवा… नाही येत.”

ठेका थांबला.

…

“चीज राहू दे, दिवाकर. नुसतं नाव गा.”