थेंब न टिकणारं अंगण

एका राज्यात पाऊस पडे, पण पाणी राहत नसे. ढग वेळेवर येत, गरजत, मनसोक्त बरसत. आणि राजवाड्याच्या अंगणात उतरलेलं पाणी वेशीकडे असं धावत सुटे, जणू मागं वाघ लागला आहे.

कारण होतं ते अंगण. महाराजांच्या पणजोबांना चिखलाचा भारी तिटकारा. एका मांत्रिकानं त्यांना पांढऱ्याशुभ्र दगडाचं अंगण घालून दिलं आणि सांगितलं, "यावर थेंब टिकणार नाही." पणजोबा खूश होऊन निघून गेले. पुढचं वाक्य ऐकायला थांबलेच नाहीत. ते वाक्य असं होतं, "आणि ज्या घरी थेंब टिकत नाही, त्या घरच्या थोरल्या मुलात ओल टिकत नाही."

तेव्हापासून त्या घरचा थोरला मुलगा वयात आला, की पायांकडून दगड होऊ लागे. दगड काळजाला भिडला, की संपलं. महाराज स्वतः धाकटे, म्हणून वाचलेले. अंगणाच्या कडेनं थोरल्यांचे पुतळे उभे होते आणि त्यांच्याभोवती कुंड्यांतून परमुलखातली नाजूक फुलझाडं. त्यांच्यासाठी माणसं उजाडल्यापासून नदीच्या घागरी वाहत. पाऊस आला, की तीच माणसं चांदीच्या मुठीच्या केरसुण्या घेऊन उरलंसुरलं पाणी वेशीबाहेर झाडून काढत. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. राजवाड्यात पूर्वीपासून तसंच होतं.

या घरात विशाखा सून होऊन आली. बोलणी होताना सांगितलं होतं, की राजपुत्र उदयसेन पाहुण्यांना बसूनच भेटतात. मानाची रीत असेल, असं तिच्या वडिलांना वाटलं. लग्नानंतर तिनं त्यांच्या पायांवरची शाल बाजूला केली, तेव्हा गुडघ्यांपर्यंत दगड होता.

"तुला फसवलं," उदयसेन म्हणाले. "परत जायचं असेल, तर मी स्वतः माहेरी पोचवीन."

"कसे?" विशाखानं विचारलं.

दोघं एकमेकांकडे पाहत राहिली, आणि मग दोघांनाही हसू आलं. त्या हसण्यानंतर तिला परत जावंसं वाटलं नाही.

एका सकाळी अंगणात एक टिटवी आली. अंडं ठेवावं, तर ते घरंगळत वेशीकडे जाई. चौथं अंडं विशाखानं पदरात झेललं.

"काय मेलं अंगण!" टिटवी म्हणाली. "फोडत का नाही?"

पक्षीण बोलते याचं विशाखाला नवल वाटलं नाही. या घरात कोणीतरी आपणहून बोललं, याचं वाटलं.

"पहारी मोडल्या," ती म्हणाली.

"लोखंडानं फुटायचं नाही. आणि इथं ओल टिकली, की तुझ्या नवऱ्यातही टिकेल. तीन गोष्टी कर. माळावरच्या मुंग्यांकडून पवन्या गवताचं बी आण. उघड्या टेकडीवरच्या बोरीकडून बोर आण. दोन्ही दगडांच्या फटींत पेर आणि पाण्याचा थेंबही घालू नकोस."

"या दोनच झाल्या. तिसरी?"

"पाणी येईल, तेव्हा ते थांबव. भिंतीनं थांबायचं नाही. कशानं, ते मला विचारू नकोस. मी टिटवी आहे, प्रधान नाही."

विशाखा माळावर गेली. मुंग्यांची राणी म्हणाली, "आमची रांग तुडवून सगळे जातात. रांग संपेपर्यंत उभी राहा." रांग सकाळी सुरू झाली ती दिवस कलला तरी चालूच. विशाखा उभी राहिली. नव्या सुनेला उभं राहायची सवय असते. शेवटच्या मुंगीनं बी तिच्या अंगठ्याशी ठेवलं.

मग ती टेकडीवर गेली. बोर म्हणाली, "हात आत घाल. जमलं तर बाहेर काढ." आत शेकडो काटे हाताला अडकले. विशाखानं हिसका दिला नाही. काट्यात गुंतलेला पदर सोडवतात तसा एकेक काटा, आधी मागं आणि मग बाहेर, असा तिनं हात सोडवला. मुठीत एक बोर होतं.

फटींत पेरलेलं गवत दवावर तगलं. बोरीची पानं नखाएवढी झाली. पण अंगण फुटेना, आणि दगड उदयसेनांच्या कमरेपर्यंत चढला. विशाखा रोज रोपाशी जाऊन बसे. एकदा पाहते तो काय, बोरीचं मूळ फटीतून वर आलेलं, आणि पुढ्यात महाराज सोन्याची झारी घेऊन उभे.

"मामंजी, पाणी घालता?"

"थोडंसंच, सूनबाई. बिचारं उन्हात होतं."

"लाड करा, लाड!" टिटवी छपरावरून ओरडली. "वर आयतं मिळालं तर खाली कशाला जाईल ते?"

"माझ्या मुलासाठीच..." महाराज पुटपुटले.

"मुलासाठीच झारी खाली ठेवा," विशाखा हळूच म्हणाली.

महाराजांनी झारी उलटी ठेवली आणि उन्हाळाभर तिच्यावरच बसून रोपाची राखण केली. घागरी ओतूनही परदेशी फुलं उन्हानं एकेक करून माना टाकत गेली. बोरीनं मात्र मान खाली घातली नाही, मूळ घातलं. आणि एका भर दुपारी, वीज जमिनीतून निघावी तसा कडाड आवाज झाला. पांढरं अंगण या टोकापासून त्या टोकापर्यंत उकललं. खाली काळी माती होती. मधोमध खोलगट, एखादं मोठं जनावर वर्षानुवर्षं तिथं झोपून नुकतंच उठून गेल्यासारखी.

ढग आले तेव्हा दगड उदयसेनांच्या बरगड्यांशी होता. त्यांचा श्वास मोजका झाला होता.

पाणी कमानीतून आत आलं. ते हत्तीएवढं उंच होतं, त्याला पांढरी आयाळ होती, आणि त्यानं अंगण ओळखलं. सेवकांनी सवयीनं केरसुण्या उचलल्या.

"खाली ठेवा," महाराज म्हणाले.

पाण्यानं पळण्यासाठी अंग आवळलं. विशाखा डोक्यावरचा पदर सावरत त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. थांबवायचं कसं, हे तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं. दारी आलेल्याला जे म्हणतात, तेच तिच्या तोंडून निघालं.

"बसा. दमला असाल."

पाणी थबकलं.

"या घरात मला कोणी बस म्हणालं नव्हतं," पाणी म्हणालं.

"मलाही लगेच नव्हते म्हणाले," विशाखा म्हणाली. "विसरतात. आपण बसा."

मागं महाराज खाकरले.

"कुठं बसू?"

तिनं गवताच्या मुळांमधली खोलगट जागा दाखवली. पाणी बसलं. हत्तीएवढं होतं ते म्हशीएवढं झालं, मग मांडी घालून टेकलेल्या म्हातारीएवढं झालं, आणि मग मातीनं त्याला कुशीत घेतलं. खोल कुठंतरी विहिरींनी हुंकार दिला. कडेचे पुतळे ओलसर झाले, मऊ झाले, आणि एकामागून एक शांतपणे आडवे होऊन माती झाले. माणसांचे हात आपोआप जोडले गेले.

पण उदयसेनांच्या अंगावरचा दगड हलला नाही. चढायचा थांबला, एवढंच.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता मुरू द्यायचं," विशाखा म्हणाली आणि त्यांच्याजवळ बसून राहिली.

पाऊस येत राहिला, पाणी बसत राहिलं. कोणी न लावता तरवड उगवून फुलांनी पिवळा झाला, माळावरची चिमुकली निळी फुलं अंगणात आली. दगडाला भिंतीसारखी ओल सुटली. विशाखा ती पदरानं टिपत नसे. तशीच राहू देई.

एका सकाळी तिला जाग आली, तर उदयसेनांचं आसन रिकामं. ती धावत बाहेर आली. राजपुत्र अंगणात एका पायावर उभे, दुसरा पाय हातात धरून ओरडत होते, "आई गं! मेलो! सराटा घुसला!"

तिनं तो पाय मांडीवर घेतला. टाच ऊन होती. काटा उपसताच लालभडक रक्त आलं.

"फार दुखतंय?"

"फार!" उदयसेन म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की विशाखाला काटा फेकवेना.

त्या राज्याची घडी बसली, गोष्टही संपली. ऐकणाऱ्यांच्या टाचा ओल्या राहोत.