करवंदीचा वाढदिवस

एकदा एक पागा होती. त्या पागेत एक म्हातारा वस्ताद होता, वस्तादाचा एक शागीर्द होता, शागिर्दाची हौसा नावाची बायको होती, आणि हौसाच्या हातचं दूध पिऊन वाढलेली एक घोडी होती. पागेचा धनी व्यापारी होता, त्याला सगळे शेठ म्हणत. शर्यतीच्या घोड्यांचा त्याला भारी नाद. पण घोड्याच्या अंगाला हात लागला की लगेच रुमालाला पुसायचा.

घोडीचं नाव करवंदी. ती जन्मली तेव्हा डोंगराला करवंदं पिकली होती, आणि तिचा रंगही तसाच, काळा म्हणावा तर उन्हात लाली दाखवणारा. जन्म मात्र वाईट. आई दोन तासांत गेली. शिंगराला संध्याकाळपर्यंत उभं राहता येईना; चार पाय चार दिशांना. शेठनं दारातूनच पाहिलं आणि म्हणाला, "हे काही जगत नाही. जगलं तर तुमचंच समजा."

हौसा घरात गेली आणि फळीवरचं बोंडलं घेऊन आली. ते ज्याच्यासाठी आणलं होतं ते बाळ आठ दिवसांचं होऊन गेलं होतं. त्यानंतर ते कुणी खाली काढलं नव्हतं. पहिले दोन दिवस बोंडल्यानं, मग तांब्याला फडकं बांधून तिनं शेळीचं दूध पाजलं. शिंगरू जगलं. हौसाच्या पदराला तोंड लावून विहिरीपर्यंत मागं मागं जायला लागलं. बायका म्हणत, "हौसे, तुझी लेक आली गं पाण्याला!" हौसा हसायची. ते हसू तिच्या नवऱ्यानं फार दिवसांनी पाहिलं होतं. या घोडीचं सगळं चांगलं व्हावं असं त्याला वाटे, ते त्या हसण्यासाठी.

आता या शर्यतीच्या जगाची एक रीत सांगायला हवी. तिथं जनावर कुठल्याही महिन्यात जन्मो, इंग्रजी वर्षाचा पहिला दिवस उजाडला की सगळी एकदम एका वर्षानं मोठी होतात. कागदच तसा. पौषात जन्मलेलं आणि वैशाखात जन्मलेलं, दोघांचं वय एकच धरायचं. त्या सकाळी वस्ताद पाटीभर गूळ घेऊन निघायचा आणि प्रत्येक ठाणापुढं थांबून आपल्या हातानं खडा भरवायचा.

करवंदी दोन वर्षं शागिर्दाच्या घरामागच्या छपरात वाढली. मग तिला मोठ्या पागेत ठाण मिळालं, आणि नव्या वर्षाच्या सकाळी ती पहिल्यांदा त्या रांगेत उभी राहिली. कागदावर तीन वर्षांची झाली होती. वस्ताद गूळ वाटत वाटत आला. तिच्यापुढं थांबला. तिनं मान लांब केली, त्याची बाही चाटली. त्यानं तिच्या कपाळावरून हात फिरवला, गुळाची मूठ मिटली आणि पुढं गेला. पलीकडच्या घोड्याला मात्र दिला.

शागिर्दाच्या मनाला ते लागलं. 'का?' असं ओठांवर आलं होतं; पण चार माणसं बघत होती, आणि आपल्या घोडीचा अपमान वर आपणच विचारून मोठा करावा असं त्याला वाटेना. आई गेली म्हणून म्हातारा तिला अपशकुनी मानतो, असं त्यानं मनाशी धरलं आणि घट्ट धरलं.

"विसरले असतील हो," हौसा म्हणाली. "डोळ्यांना कमी दिसतंय त्यांच्या."

"बाकीची सोळा दिसली, एक हीच दिसली नाही?"



त्या साली पागेचे निकाल वाईट चालले होते. मैदानाबाहेर मोठ्या काळ्या फळ्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत नावं लिहीत, आणि शेठच्या घोड्यांची नावं शोधायला मान खाली करावी लागे. नऊ शर्यती झाल्या; एकदा तिसरा नंबर आला, बाकी सगळे मागं. दहाव्या वेळी एक जुना घोडा शेवटून दुसरा आला, तसा शेठ दुसऱ्या दिवशी सकाळीच पागेत हजर.

"वस्ताद, या बुजुर्गांची हवा खाऊन झाली. आता तरण्यांत कोण आहे ते दाखवा."

वस्ताद तोंड उघडायच्या आत शागीर्द पुढं सरला. "करवंदी आहे ना, शेठ. काल सकाळच्या रपेटीत दोघा मोठ्यांना धूळ चारली तिनं."

"कुठली? ती बाटलीवरची?"

"बोंडल्यावरची," शागीर्द म्हणाला. पागेतली माणसं हसली.

वस्ताद करवंदीपाशी वाकला. तिच्या पुढच्या गुडघ्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटून बसला, जणू आतलं कुणी बोलतंय आणि हा ऐकतोय. मग उठून म्हणाला, "अजून नको. गुडघा उघडा आहे हिचा."

"गुडघा उघडा?" शेठनं सगळ्यांकडे बघितलं. "मग चड्डी शिवा की लांब!"

सगळी पागा हसली. शागीर्दही हसला. ते आपलं हसू त्याला पुढं पुष्कळ वर्षं ऐकू येत राहिलं.

माघ सरता सरता वस्ताद डोळ्याच्या ऑपरेशनला गेला. आठ दिवस तिकडंच राहायचं होतं. निघताना एवढंच म्हणाला, "मी येईपर्यंत कुणाला घाई करू देऊ नकोस." शागिर्दानं मान हलवली. आणि त्याच आठवड्यात तीन वर्षांच्या तरण्या घोड्यांची मोठी शर्यत होती.

त्यानं करवंदीचं नाव दिलं. हौसा अंगणात उभी होती. "वस्तादांना येऊ द्या ना," ती म्हणाली. "शर्यती काय, परतही होतील."

"कागदावर तीन पुरी झाली. आणखी काय व्हायचंय तिनं? म्हाताऱ्याच्या मनातनं ती उतरलीय, एवढंच आहे ते. एकदा पहिली आली की आपोआप गूळ निघेल त्यांच्या मुठीतनं."

"मला तिच्या पळण्याची हौस नाही हो."

"तुझ्या नावातच हौस आहे," तो म्हणाला. त्याला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

शर्यतीच्या दिवशी करवंदी अशी पळाली की बघणारे खुर्च्यांवर चढले. शेवटच्या वळणावर तिसरी होती. तिथून तिनं एकेकाला मागं टाकलं आणि मानेभर अंतरानं पुढं निघून गेली. फळ्यावर सगळ्यात वर तिचं नाव लागलं. शेठनं हार घातला आणि या खेपेला रुमाल काढायचंही विसरला. शागिर्दाला रडू फुटलं. कठड्यापाशी उभ्या असलेल्या हौसाकडे बघून त्यानं हात वर केला. पण हौसा त्याच्याकडे बघत नव्हती. ती घोडीच्या पायांकडे बघत होती. परत येताना करवंदीनं एक पाऊल आखूड टाकलं होतं. मग आणखी एक. तिसरं तिनं टेकवलंच नाही.

गुडघ्यातलं हाड चिरलं होतं. जनावरांच्या डॉक्टरनं पाय बांधला आणि सांगितलं, जगेल, चरेल, फिरेल; पळायचं नाव काढू नका. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, करवंदी पहिली. वाण्याच्या दुकानापासून पिठाच्या गिरणीपर्यंत लोक थांबवून शागिर्दाचं अभिनंदन करत होते. कुणी दोन शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

वस्ताद डोळ्याला हिरवी पट्टी लावून परत आला. तडक करवंदीकडे गेला. बांधलेल्या गुडघ्यावर तळवा ठेवून बराच वेळ बसला.

"कितवी आली?"

"पहिली," शागीर्द म्हणाला.

वस्ताद उठला आणि आपल्या खोलीत गेला. त्या दिवसापासून दोघांत कामापुरतं बोलणं राहिलं: चंदी झाली का, खरारा झाला का, नाल कधी मारायची. हौसा रोज हळदीचा शेक घेऊन बसायची. पागेत करवंदीचं ठाण दुसऱ्या घोड्याला गेलं आणि ती पुन्हा घरामागच्या छपरात आली, लंगडत, पण हौसाच्या पदराला तोंड लावायचं विसरली नव्हती.

असे अडीच-तीन महिने गेले. डोंगराला करवंदं पिकली. एके दिवशी सकाळी वस्ताद छपराशी आला. त्यानं मूठ उघडली. आत गुळाचा खडा होता. करवंदीनं तो ओठांनी अलगद उचलला.

शागीर्द तिथंच होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "आता कशाला, वस्ताद?"

"आज ती तीन वर्षांची झाली," वस्ताद म्हणाला.

तेव्हा हौसा हळूच बोलली, "दर साली याच दिवसांत येऊन देतात हो तिला गूळ. दोन्ही वर्षं मी बघितलं. मला वाटायचं, सहज आले असतील."

मग वस्ताद दगडावर बसला आणि बोलला. एवढं एकदम तो कधी बोलला नव्हता.

"कागद सगळ्यांना एका दिवशी मोठं करतो. कागदाचं काम आहे ते, त्याला दोष नाही. पण हाडाला कागद वाचता येत नाही. ते आपल्या दिवसानं भरतं. पौषातल्या पोरांबरोबर वैशाखातली पोर उभी केली, त्यातून आईच्या दुधाविना वाढलेली. तिचा गुडघा आतून अजून मिटायचा होता. मिटला असता. पावसाळ्यापर्यंत मिटला असता. म्हणून मी त्या दिवशी तिला गूळ दिला नाही. आज तुझा दिवस नाही, असं तिला सांगत होतो. तुलाही सांगत होतो."

"मला कळलं नाही, वस्ताद. मी विचारायला हवं होतं."

"तू विचारायला हवं होतंस, हे खरं. पण मी सांगायला हवं होतं, हे त्याहून खरं." वस्तादाचा पट्टी काढलेला डोळा लाल दिसत होता. "तुझ्या वयाचा होतो तेव्हा माझ्याही हातून एक घोडा असाच गेला. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी चूक करून शिकलो. मनात म्हटलं, हाही शिकेल. शहाण्या माणसानं मूठ मिटावी आणि शिष्यानं ओळखावं, याचा मला मोठेपणा वाटला. माझं शिकणं त्या घोड्याच्या पायावर झालं होतं, हे मी सोयीनं विसरलो. आता तुझंही झालं. या पोरीच्या पायावर."

करवंदी त्याच्या मुठीत आणखी काही आहे का ते हुंगत होती.

पुढं शेठनं आपल्या नामांकित घोड्याशी तिची जोडी लावली. पण तीन वर्षं करवंदीनं गाभ धरला नाही. चौथ्या वर्षी धरला, आणि तोही इतका उशिरा, की शिंगरू जन्माला आलं तेव्हा करवंदं संपून जांभळं पिकली होती. नर होता. हौसानं नाव ठेवलं जांभळ्या. शेठ म्हणाला, "काय ही आई, काय हा लेक! कॅलेंडर कळत नाही तुमच्या घराण्याला."

एव्हाना पागा शागिर्दाच्या हाती आली होती. वस्तादाचे दोन्ही डोळे गेले होते. तो दारात बसून टापांच्या आवाजावरून घोडी ओळखायचा. जांभळ्या कागदावर तीन वर्षांचा झाला त्या सकाळी शागीर्द गूळ वाटत त्याच्यापुढं आला, मूठ मिटली, आणि सगळ्या पागेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "याचा वाढदिवस आज नाही. जांभळं पिकतील तेव्हा आहे. तोवर याला कुणी जोरात पळवायचं नाही. का ते मला विचारा, शंभरदा सांगेन." दारात बसलेल्या वस्तादानं मान खाली घातली.

तरण्यांची मोठी शर्यत आली. शेठ आला. "त्या लंगडीनं जिंकली होती तीच शर्यत आहे. काढा लेकाला."

"शेठ, गुडघा उघडा आहे अजून."

"चड्डी शिवा म्हटलं होतं ना मी?"

"शिवायला टाकलीय. शिंपी सावकाश शिवतो."

शेठ चिडून गेला. जांभळ्याच्या बरोबरीची सगळी घोडी त्या साली पळाली, फळ्यावर त्यांची नावं लागली, कुणाकुणाचे फोटो छापून आले. जांभळ्या छपरामागं चरत राहिला. शागिर्दाचे ते दिवस सोपे गेले नाहीत. रोज सकाळी तो जांभळ्याच्या गुडघ्यावर तळवा ठेवून डोळे मिटायचा. आणखी एक नवं वर्ष आलं, कागदानं त्याला चार वर्षांचा केला, आणि मग एक दिवस तळव्याखाली जे उघडं लागत होतं ते मिटलेलं लागलं. त्यानं वस्तादाचा हात धरून आणला. वस्तादानं चाचपलं आणि म्हणाला, "हं. आता विचार त्यालाच."

जांभळ्याच्या पहिल्या शर्यतीला तिघंही कठड्यापाशी होती. टापा आल्या, गेल्या. मैदानभर ओरडा झाला. शागिर्दानं फळ्याकडे मान वळवली नाही. तो मैदानाच्या मातीवरून धावत गेला, धापा टाकणाऱ्या घोड्यापुढं गुडघे टेकून बसला, आणि त्याच्या दोन्ही पुढच्या गुडघ्यांना हात लावला. मग त्याला चालवत कठड्याशी आणलं आणि वस्तादाचा तळवा तिथं नेऊन ठेवला.

"घाम आहे," वस्ताद म्हणाला. तळवा जरा सरकवला. "आग नाही."

"नाही, वस्ताद."

"कितवा आला रे?"

"पहिला."

"बरं."

हौसाच्या पदरात गूळ होता. ती घुटमळली. "देऊ का हो? जांभळं पिकायला अजून चार महिने आहेत."

"दे, पोरी," वस्ताद हसून म्हणाला. "हा वयाचा नव्हे, पळण्याचा."

जांभळ्या नंतर पाच वर्षं पळाला आणि एकदाही लंगडत परतला नाही. त्याच्या बक्षिसांतून मिळालेल्या वाट्यावर घरामागच्या त्या छपराच्या जागी हौसाची आणि तिच्या नवऱ्याची स्वतःची पागा उभी राहिली. तिच्यात दारालगतचं पहिलं ठाण करवंदीचं होतं, आणि डोंगराला करवंदं पिकली की त्या घरातला पहिला गूळ तिच्या तोंडी पडायचा.