गाठ घेतलीस का?

“गाठ घेतलीस का?” तांबोळी सरांनी पुन्हा तेच विचारलं, आणि डॉक्टर निषाद गोगटेच्या डोक्यात तिडीक गेली.

सुवर्णपदकवाला माणूस हो तो! समोरच्या पडद्यावर यमुना डावरेचं यकृत उजळलं होतं, त्यात लिंबाएवढी गाठ. उद्या सकाळी ऑपरेशन, बाईचं अर्धं यकृत जायचं. आणि सरांचं आपलं एकच पालुपद.

“सर, सुईनं तुकडा घ्यायला गेलो तर रक्तस्राव होईल. म्हणून नाही घेतला.”

“मी तुकडा म्हटलं?”

“मग उद्या अख्खीच काढतो की!”

“काढशील रे. घेतलीस का?”

घ्या! आता या माणसापुढे डोकं आपटायचं तरी किती?

“सर, फाईलमध्ये सगळं आहे. कावीळ नाही, दारू नाही, कसलं औषध नाही. कॅन्सरच वाटतोय. साधी गाठ समजून गप्प बसलो आणि बाई हातची गेली, तर?”

सरांनी हात लांब करून पडदा बंद केला आणि हनुवटीनं दाराकडे खूण केली.

बाहेर बाकावर यमुना बसली होती, मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन.

निषादचे कान तापले. म्हणजे हिची गाठ घ्यायची होती! आजवर त्यानं हिचं फक्त यकृत पाहिलं होतं. चरफडतच तो बाहेर गेला.

“ताई, औषध कुठलं घेता?”

“छे हो! मला काय धाड भरलीय?”

झालं समाधान? तो वळला, तर दारात सर उभे. त्यांनी बोटानं बाक दाखवला.

निषाद धपकन बसला. काहीतरी विचारायचं म्हणून त्यानं विचारलं.

“मुलं किती तुम्हाला?”

“एकच. त्याच्या पाठीवर नको म्हणून पाळणा लांबवायच्या गोळ्या घेते ना. रोज. दहा वर्षं झाली.”

“अहो, मग औषध नाही म्हणालात ते?”

“ते कुठलं औषध? औषध आजाऱ्याला!”

निषाद ताडकन उठून आत आला.

“सर! गोळ्यांनी होणारी साधी गाठ असणार ही. क्वचितच दिसते. उद्याचं ऑपरेशन थांबवू, गोळ्या बंद करू, काही महिन्यांनी पुन्हा बघू. आटेलसुद्धा! बघा, ओळखली की नाही?”

बाहेर यमुना पिशवी घट्ट धरून दाराकडे बघत होती.

“मला काय सांगतोस?” सर म्हणाले. “जा... गाठ घे.”