मुराळ्याची मोटार

कृष्णाकाठच्या एका गावात बेदाण्याचे एक व्यापारी राहत. नाव सर्जेराव खराडे. माणूस मनानं वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पण एक खोड होती. चार लोकांनी आपल्याला शहाणं म्हणावं, यावर त्यांचा सगळा जीव टांगलेला असायचा.

एका साली बेदाण्याला चांगला भाव लागला आणि सर्जेरावांनी मोटार घेतली. साधीसुधी नव्हे हो! बसायला मऊ कातडं, पळायला वाऱ्याचा वेग, आणि चारही चाकांना इंजिनाची ताकद. चिखल असो की खडा चढ, ही मोटार मागं सरायची नाही. गावातल्या म्हाताऱ्यांनी काठीनं चाकं ठोकून बघितली आणि माना डोलावल्या.

पण आपल्याकडची रीत तुम्हांला ठाऊकच आहे. कुणी मोटार घेतली की लोक वेग विचारत नाहीत, ताकद विचारत नाहीत. एकच विचारतात, "ॲव्हरेज काय देते?" म्हणजे लिटरमागं पळते किती? स्टँडवरच्या हॉटेलात बापू चौगुल्यांनी तेच विचारलं. सर्जेरावांनी खरा आकडा सांगितला आणि सगळं हॉटेल खो खो हसलं.

"सर्जेराव, मोटार न्हवं, हत्ती आणलाय दारात! आता बेदाणा इका आणि ह्याला पाजत बसा," बापू म्हणाले.

ते हसणं सर्जेरावांच्या जिव्हारी लागलं. हत्ती उंदराएवढं खातो, असं या लोकांच्या तोंडून वदवून घेईन तर नावाचा खराडे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. त्या दिवसापासून त्यांची नजर रस्त्यावर कमी आणि समोरच्या पडद्यावरच्या आकड्यावर जास्त. उन्हाळ्यात घाम निथळला तरी एसी लावायचा नाही. उतार आला की पाय काढून घ्यायचा. बायको शालन बाजाराला निघाली तर म्हणायचे, "तू रिक्षानं ये, वजन वाढतंय." टाकी काठोकाठ भरायची, ती संपेपर्यंत सपाट रस्त्यानंच जायचं, आणि शेवटी जो आकडा निघेल तो हॉटेलात जाऊन सांगायचा. वाऱ्यासारखी पळणारी मोटार बैलगाडीच्या मागून चालू लागली. पण आकडा चढत गेला, आणि बापू चौगुलेसुद्धा एकदा म्हणाले, "हत्ती बारीक खायला लागला म्हणायचा!" सर्जेरावांना आभाळ ठेंगणं झालं.

आता या सर्जेरावांना एक थोरली बहीण होती. सगळे तिला अक्का म्हणत. आई लहानपणीच गेली, तेव्हा अक्कानंच या भावाला कडेवर वाढवलं होतं. स्वतः उपाशी राहून त्याला भरवलं होतं. तिला दिलं होतं घाटमाथ्यावर, तांबखडी नावाच्या गावात. अलीकडं तिचे गुडघे गेले होते. एस.टी.चं पायदान तिला चढवत नव्हतं, त्यामुळं माहेर तुटलं होतं. भावानं मोटार घेतल्याचं कळलं आणि म्हातारीला पुन्हा पालवी फुटली. तिनं लेकाच्या फोनवरून भावाला फोन लावला.

"सर्जा, पंचमीला मुराळी होऊन ये बाबा. एकडाव नदी बघू दे, आईच्या उंबऱ्यावर बसू दे. मग काय मागणं न्हाई माझं."

सासरी गेलेल्या लेकीला आणायला जो माहेरचा माणूस येतो, तो मुराळी. नागपंचमीला मुराळी आला नाही तर बाईची मान शेजारणींपुढं खाली जाते. सर्जेरावांना हे का माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. "येतो अक्का, येतोच," ते म्हणाले. मनापासून म्हणाले.

पण पंचमी आली तेव्हा टाकी निम्मी झाली होती, आणि आकडा कधी नव्हे इतका वर गेला होता. तांबखडीचा घाट म्हणजे नुसता चढ. एका फेरीत सगळी कमाई धुऊन गेली असती. सर्जेरावांनी फोन केला, "अक्का, ही टाकी तेवढी संपू दे. गौरीला नक्की येतो."

अक्काला टाकीचं काय कळणार? तिला वाटलं, मोटारीची काही अडचण असेल. "बरं बरं, सावकाश ये. घाटात जपून चालव," ती म्हणाली.

गौरीच्या वेळी दुसरी टाकी होती, आणि बापूंशी आकड्यावरून पैज लागली होती. शालन न राहवून म्हणाली, "अहो, अक्का दारात बसून असतात म्हणं. त्या टाकीचं काय घेऊन बसलाय?"

"तुला त्यातलं काय कळतंय? दसऱ्याला जाऊ की. अक्का काय पळून चाललीया?" सर्जेराव खेकसले.

पैज सर्जेरावांनी जिंकली. हॉटेलात त्यांच्या नावानं भजी वाटली गेली.

आणि दसऱ्याच्या तोंडावर एका सकाळी तांबखडीहून भाच्याचा, विलासचा, फोन आला. "मामा, आई गेली."

सर्जेरावांनी माहेरचं लुगडं घेतलं. मेलेल्या लेकीच्या अंगावर ते घालायची रीत आहे, आणि ते भावानंच न्यायचं असतं. शालनला शेजारी बसवलं आणि मोटार घाटाला लावली. त्या दिवशी पाय दाबला तो काढलाच नाही. आणि मोटार काय चढली म्हणता! रस्ता खचलेला, वळणावळणाला चिखल, पण चारही चाकांनी माती धरली आणि ती सपाटीवर चालावं तशी वर गेली. ज्या घाटाला सर्जेराव इतके दिवस भीत होते, तो घटकाभरात सरला. इतकंच होतं व्हय हे? ते मनात म्हणाले, आणि त्यांना हुंदका फुटला.

अक्काचा चेहरा शांत होता. सर्जेरावांनी लुगडं तिच्या अंगावर घातलं आणि पायांवर डोकं ठेवलं. बैल गेला आणि झोपा केला. दुसरं काय म्हणायचं?

राख सावडली तेव्हा विलास म्हणाला, "मामा, आईची लई इच्छा होती. थोड्या अस्थी माहेरच्या नदीला देऊया." सर्जेरावांनी मान हलवली.

विलास पुढच्या सीटवर बसला. मांडीवर फडक्यात बांधलेलं गाडगं. शालन मागं बसली. मोटार घाट उतरू लागली. घाट उतरताना पेट्रोल लागतंय कशाला? सगळा उतार. समोरच्या पडद्यावर या फेरीचा आकडा चढू लागला. पैजेचा आकडा मागं पडला. बापू चौगुल्यांनी कधी ऐकला नसेल, असा आकडा झाला. पंचमीला वर जाताना जे गेलं असतं, त्यातलं कितीतरी उतरताना असं परत मिळणार होतं. आणि शेजारी अक्का बसलेली असती, खिडकीतून बोट दाखवत, लहान पोरीसारखी बडबडत.

काहीतरी बोलायचं म्हणून विलास गाडग्यावर हात ठेवून साध्या मनानं म्हणाला,

"मोटार चांगली आहे मामा. ॲव्हरेज काय देते?"

याच प्रश्नासाठी सर्जेराव इतके महिने जगले होते. उत्तर समोर झळकत होतं. त्यांनी मोटार रस्त्याच्या कडेला उभी केली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं, आणि आई गेली तेव्हा लहानपणी रडले होते तसे मोठ्यानं रडू लागले. त्या वेळी समजूत घालायला अक्का होती. आज ती गाडग्यात होती.

तात्पर्य: आपलं माणूस वाट बघत असेल, तर आकड्याचा विचार न करता आधी निघावं; टाकी पुन्हा भरता येते, गेलेलं माणूस पुन्हा दारात येऊन बसत नाही.